काबऱ्याची शीव

कान्हू म्हात्रे हा माणूस कळायला आधी पेणच्या एस.टी. स्टँडवरचा प्रसंग ऐकावा लागतो. त्याच्या साडूनं एकदा निरोप धाडला होता, दुपारच्या गाडीनं येतो, स्टँडवर थांब. साडूची गाडी चुकली, मग त्याचा बेत बदलला, आणि तो आपल्या घरी जेवून झोपला. कान्हू मात्र थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको गोदूबाई शोधत आली तेव्हा हा त्याच बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन, ताठ बसलेला. "तो थांब बोल्ला ना?" एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हापासून शिरवणखारात चेष्टा सुरू झाली, की कान्हूला बस म्हणायचं असेल तर ऊठ म्हणायला कोण येणार ते आधी ठरवा.

शिरवणखार हे धरमतरच्या खाडीकाठचं गाव. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि दोहोंच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. पावसाळ्यात शेत आणि उन्हाळ्यात मिठागर, असं करत कान्हूची पन्नास-पंचावन्न वर्षं या बांधाच्या आजूबाजूलाच गेली. मिठानं तळपायांना अशा भेगा पडल्या होत्या की लग्नकार्यात चप्पल घातली तर त्याला चालता यायचं नाही. बांधाचा खरा वैरी म्हणजे चिंबोरी, खाडीतला खेकडा. ती बीळ पाडते, उधाणाच्या भरतीला त्या बिळातून पाणी झिरपतं, झिरपताझिरपता धार लागते आणि बघता बघता बांध फुटतो. इकडे त्याला खांड जाणं म्हणतात. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या मातीत धड दाणा होत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत कान्हू बांधावर फेऱ्या मारी, आणि गेली सात वर्षं त्याच्यापुढे काबऱ्या चाले.

काबऱ्या म्हणजे त्याचा कुत्रा. जात विचाराल तर धनगरी. छाती रुंद, केस राठ, रंग काळा-तांबडा-पांढरा जिथे जसा सांडला तसा, आणि डाव्या कानाचा शेंडा कोल्ह्यानं नेलेला. उगाच भुंकणं नाही, कुणाच्या मागे धावणं नाही. पण बांधावर चालताना एखाद्या जागी तो थबकायचा, नाक मातीला लावायचा आणि पुढच्या पायांनी उकरायला लागायचा. तिथे खाली पाणी झिरपत असायचंच. कान्हू लगेच चिखलाचा गोळा दाबून पायानं ठोकून घ्यायचा. सात वर्षांत कान्हूच्या बांधाला एकदाही खांड गेली नव्हती. शेजारचे म्हणायचे, कान्हूचं नशीब. कान्हू म्हणायचा, कुत्रा.

हा कुत्रा त्याला काळुरामनं दिला. काळुराम फलटणकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात कापणी झालेल्या शेतांतून मेंढरं बसवायचा, शेतकऱ्याला खत मिळायचं, त्याला भात मिळायचं, आणि जेठात पावसाच्या तोंडावर तो परत वर जायचा. मेंढरांना चाटायला मीठ लागतं. एका साली कान्हूनं त्याला पाटीभर मीठ दिलं आणि त्यानं कान्हूला पिल्लू दिलं. देताना त्यानं आपली रीत पाळली. पिल्लाला कान्हूच्या शेताच्या कडेनं तीन फेऱ्या फिरवलं, प्रत्येक कोपऱ्यावर भाकरीचा तुकडा खायला घातला आणि त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, ही तुझी शीव.

मग तो कान्हूला म्हणाला, "म्हात्रं, आजपास्नं हे तुमचं. कुत्र्याला शीव एकच असती. आता ह्याचं नाव मी तोंडातनं काढायचं न्हाई."

आणि त्यानं ते पाळलं. दर साली तो खाडीवर यायचा, कान्हूच्या ओटीवर चहा प्यायचा. काबऱ्या त्याचे पाय हुंगत बसायचा, आणि काळुराम दुसरीकडे बघत म्हणायचा, "काय पाव्हणं, बरं हाय न्हवं?" कान्हूला ही रीत फार आवडली होती. दिलं म्हणजे दिलं, यासारखं स्वच्छ काही नाही असं त्याला वाटायचं.

एकोणीसशे शहाण्णव सालच्या गणपतीनंतर या सगळ्यात विद्यापीठ शिरलं.

रोह्याबाहेरच्या माळावर तेव्हा नवं कुंडलिका विद्यापीठ उभं राहत होतं. त्याचे कुलगुरूसाहेब बरीच वर्षं परदेशात शिकवून आलेले. तिकडे प्रत्येक विद्यापीठाचा आपला एक प्राणी असतो, तो मुलांच्या बनियनवर असतो, मैदानात असतो, हे त्यांनी पाहिलं होतं, आणि आपल्याकडेही तसं काही हवं असं त्यांच्या मनानं घेतलं. समितीत कुणी वाघ सुचवला, कुणी गरुड. साहेब म्हणाले, इथल्या मातीतला, राबणारा, काटक प्राणी सांगा. तेव्हा खेळ शिकवणाऱ्या ऋजुताबाईंनी धनगरी कुत्र्याचं नाव घेतलं. पेणचा मूर्तिकार धनेश याला पुतळ्याचं काम मिळालं. त्याला काबऱ्या माहीत होता. तो खाडीवर येऊन तीन दिवस काबऱ्यासमोर बसला आणि आपल्या गणपतीच्या कारखान्यात त्यानं कुत्रा घडवला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करून करून त्याचा हात असा बसला होता, की कुत्र्याचे डोळेही तसेच उतरले, लांब आणि शांत, बघणाऱ्यानं नमस्कार करावा असे. पुढे रोह्यात बरेच जण करायचेही.

इथवर कान्हूला काही अडचण नव्हती. अडचण झाली ती ऋजुताबाई घरी आल्या तेव्हा.

"कान्हूकाका, दसऱ्याला कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "काबऱ्याला दोन तासांसाठी घेऊन या. फोटो होतील, कुलगुरू दोन शब्द बोलतील, मग तुम्ही घरी. तो आता आमचा शुभंकर आहे."

"म्हंजे त्याला तिथं काम काय, बाय?"

"काम काही नाही. तो म्हणजे आम्हीच. विद्यापीठाची ओळख. मुलांनी त्याच्याकडे बघून काटक व्हायचं, राखण करायला शिकायचं."

कान्हूनं यावर बराच विचार केला. "पोरं रोह्याला, तो खाडीवर. पोरं बघनार कशी?"

"पुतळा आहे ना, काका." ऋजुताबाई हसल्या, गोदूबाईच्या हातचा चहा पिऊन गेल्या.

त्या गेल्या आणि कान्हूच्या डोक्यात घोळ सुरू झाला. आता कुणीही म्हणेल, यात घोळ कसला? दोन तास न्यायचं, परत आणायचं. पण कान्हूचं डोकं एकदा एका दिशेनं चालायला लागलं की मध्ये फाटा घेत नसे. ज्या जागेचा मान काबऱ्याला मिळाला, त्या जागेची राखण त्यानं करायला नको का? गेटावर याचा पुतळा, लोक म्हणणार हा इथला राखणदार, आणि हा राखणार कान्हूचा बांध? ही तर विद्यापीठाची फसवणूक झाली. आणि एका कुत्र्याला दोन शिवा देता येत नाहीत. चार दिवस तो बांधावर फेऱ्या मारत हेच घोळवत होता, आणि काबऱ्या पुढे चालताना मधूनमधून मागे वळून बघत होता.

"आवं, ती बाय दोन तास बोलली," गोदूबाई म्हणाली. "दोन तास म्हंजे दोन तास."

"मान घेवाचा नि पलावाचा, ही रीत नाय गो."

"त्याला मान कवा मागितला तुमी? आनि उधानाला बांधावर कोन, मी जाऊ?"

काबऱ्याला द्यायचं कान्हूच्या मनात मुळीच नव्हतं. पण द्यायला लागेल असं त्याला वाटत होतं, आणि वाटणं आणि लागणं यांत तो आयुष्यभर असाच फसत आला होता.

दसऱ्याला पहाटेची पहिली एस.टी. पकडून दोघं निघाले. कंडक्टरनं थोडी कुरकुर करून काबऱ्याचं अर्धं तिकीट फाडलं. रोह्याला पोचून कान्हूनं पिशवीतून तांदळाच्या भाकरीचे बारा तुकडे काढले, चार कोपरे, तीन फेऱ्या, असा हिशोब करून आणलेले. पण विद्यापीठाचं कंपाउंड काही भाताच्या खाचरासारखं चौकोनी नव्हतं. त्याला सात कोपरे निघाले. कान्हू तिथेच उकिडवा बसला, तुकड्यांचे तुकडे केले आणि चिऱ्यांच्या भिंतीच्या आतून त्यानं काबऱ्याला तीन फेऱ्या फिरवलं. वॉचमननं विचारलं काय चाललंय, तर म्हणाला, शीव दाखवतोय. वॉचमनला वाटलं कार्यक्रमातलाच काही विधी असेल. त्यानं टोपी सरळ केली.

शेवटच्या कोपऱ्यावर कान्हू वाकला आणि त्या तुटक्या कानाशी म्हणाला, "काबऱ्या, आजपासून ही तुजी शीव. इथंच रव." नाव घेण्याची आपली ही शेवटची वेळ, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं ते जरा हळू घेतलं.

मग कार्यक्रम झाला. धनेशच्या पुतळ्यावरचा पडदा सरला. काथ्याच्या केसांचा भलामोठा कुत्र्याचा पोशाख घातलेला एक विद्यार्थी उड्या मारत आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काबऱ्यानं त्याला एकदा हुंगलं आणि तो त्याच्याकडे पाठ करून बसला. कुलगुरूसाहेब निष्ठेवर बोलले. कान्हूला शाल आणि नारळ मिळाला. आपल्याला काय म्हणून शाल दिली हे त्याला कळलं नाही, पण देणाऱ्याचा हात रिकामा ठेवू नये म्हणून त्यानं घेतली.

"काका, आता न्या त्याला घरी," ऋजुताबाई घाईघाईत म्हणाल्या.

"आता तुमचा, बाय. शीव दाखवली."

कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, बाई हसून गेल्या. त्यांना वाटलं, काका मानापानाचं काही बोलतायत. कान्हू गेटाबाहेर पडला. काबऱ्या गेटापर्यंत आला आणि तिथे थांबला. कान्हूनं मागे वळून पाहिलं नाही. परतीच्या गाडीत त्यानं सवयीनं दीड तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "अर्धं कुणाचं?" कान्हूनं एकच तिकीट घेतलं.

सहाव्या दिवशी कोजागिरी, आणि तिच्या मागोमाग उधाण. कान्हू एकटाच बांधावर फिरला. त्यानं डोळे फोडून पाहिलं, पायानं चाचपलं, पण काबऱ्याचं नाक त्याच्याजवळ नव्हतं. तिसऱ्या खाचराच्या कोपऱ्यावर धार लागली ती त्याला उशिरा दिसली. गावच्या माणसांनी धावून येऊन बांध वाचवला, पण कापून पसरलेलं भात खाऱ्या पाण्यात भिजलं. गोदूबाई भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती भांडली नाही. ती काबऱ्याच्या भाकरीचं ताट पालथं घालून बसली होती. ते त्याला भांडणापेक्षा वाईट वाटलं.

मग कान्हू दर रविवारी रोह्याला जायला लागला. गेटाबाहेर उभा राहायचा. काबऱ्या आतून यायचा, गेटाच्या दांड्यांशी बसायचा, शेपूट एकदा इकडे एकदा तिकडे. कान्हू काही बोलायचा नाही. नाव घ्यायचं नाही, हाक मारायची नाही, रीत म्हणजे रीत. तासभर दोघं एकमेकांकडे बघायचे. मग कान्हू गाडी पकडायचा.

आत काबऱ्याचं काय चाललं होतं, तर तो नोकरी करत होता. एकटादुकटा विद्यार्थी माळावर दिसला की त्याच्या पोटरीला नाक लावून त्याला घोळक्यात आणून सोडायचा. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या जिन्यावर तो कुणाला चढू देत नसे. एकदा विद्यापीठ बघायला आलेल्या पाहुण्यांची तुकडी त्यानं गोळा करून सभागृहाच्या दाराशी लावून ठेवली होती, आणि एकही पाहुणा हलायला तयार नव्हता. वॉचमन आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्याला द्यायचा. मुलं खूश होती. पण मुख्य इमारतीपुढे नवी हिरवळ लावली होती, तिच्यात त्यानं तीन खड्डे उकरले, आणि तिथून त्याचे दिवस फिरले.

गंमत बघा. कुलगुरूंच्या गाडीवर कुत्रा, मुलांच्या दप्तरांवर कुत्रा, कागदांच्या डोक्यावर कुत्रा, आणि त्याच कागदावर, त्याच कुत्र्याच्या चित्राखाली, कान्हूला पत्र आलं: आपला भटका कुत्रा आवारात उपद्रव करीत आहे. क्रीडास्पर्धांपूर्वी, आठ दिवसांत, त्यास घेऊन जावे, अन्यथा योग्य तो बंदोबस्त करण्यात येईल.

गोदूबाईनं ते शेजारच्या मृणालीकडून तीनदा वाचून घेतलं. मृणाली बारावीला होती, तीही बुचकळ्यात पडली. "काका, वर फोटो पन काबऱ्याचाच हाय."

"भटका कसा?" कान्हू विचारत राहिला. "मी तर शीव दाखवली."

तो रोह्याला गेला. ऋजुताबाईंना त्यानं विचारलं, बंदोबस्त म्हणजे काय. बाईंनी सांगितलं, जाळीची गाडी येते, आणि तिनं नेलेला कुत्रा परत येत नाही. मग म्हणाल्या, "काका, न्या ना त्याला. मी हात जोडते. मी इथल्या लोकांना खूप सांगितलं." वॉचमननं दोरी आणली. काबऱ्यानं चार पाय रोवले आणि मान अशी धरली की दोरी ताणली की गळ्यालाच फास बसावा. कान्हूनंच ती सोडायला लावली.

"तो असा नाय येनार," कान्हू म्हणाला. "त्याला या जागेच्या धन्यानं सोडला पायजे. धन्याच्या हातची भाकर पायजे."

हा नियम काळुरामनं कधी सांगितलेला नव्हता. जिथे बांधलं तिथल्या माणसानं सोडावं, एवढा हिशोब कान्हूनं आपल्या डोक्यानं जमवला होता, आणि आता तो त्याला दगडासारखा पक्का वाटत होता. तेव्हा प्रश्न असा उरला, की विद्यापीठाचा धनी कोण?

कुलगुरूसाहेब चांगले गृहस्थ. त्यांनी कान्हूला खुर्ची दिली. "धनी? अहो, मी पगारी माणूस. आज आहे, उद्या नाही." तरी त्यांनी बिस्किटाचा पुडा मागवला आणि स्वतः काबऱ्यापुढे धरला. काबऱ्यानं नाक फिरवलं. साहेब ओशाळले. कान्हूनं जाता जाता हिरवळीतला खड्डा पायानं चाचपला आणि म्हणाला, "साहेब, खाली पानी झिरपतंय." साहेब म्हणाले, पाईप नवीन आहेत, इंजिनियरनं पाहिलेत.

साहेबांनी ट्रस्टच्या अध्यक्षांकडे बोट दाखवलं. अध्यक्ष मोरोपंत, ऐंशी वर्षांचे निवृत्त हेडमास्तर, रोह्यातच राहायचे. तो सगळा माळ पूर्वी त्यांच्या घराण्याचा. कान्हू त्यांच्या झोपाळ्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोरोपंतांनी डोळे मिटून ऐकलं.

"माळ माझा होता, खरं आहे," ते म्हणाले. "पण मी दानपत्र केलं. आता मी तिथे जाऊन कुणाला ये म्हणणार नाही आणि जा म्हणणार नाही. दिलेल्या वस्तूवर हक्क सांगू नये, म्हात्रे. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको."

नकोच होतं. अख्ख्या रोह्यात कान्हूला कळेल असं बोलणारा हा एकच माणूस भेटला, आणि त्यानंच त्याची वाट बंद केली. कान्हू पायऱ्या उतरला. सगळे भले, सगळे खरं बोलणारे, जागा मात्र कुणाचीच नाही, आणि काबऱ्या मात्र मरणार. हे असं कसं होऊ शकतं, हे त्याला काही केल्या उमगेना.

आठातले सहा दिवस गेले होते. सातव्या दिवशी गोदूबाई म्हणाली, "ज्यानं कुत्रा दिला त्याला जाऊन इचारा की. माझा डोका खाऊ नका." मार्गशीर्ष लागला होता. काळुरामची मेंढरं नागोठण्याच्या अलीकडे, अंबा नदीकाठच्या शेतांत बसली आहेत असं कळलं. कान्हू तिथे पोचला तेव्हा काळुराम एका कोकराच्या पायातला काटा काढत होता.

कान्हूनं पुन्हा सगळं सांगितलं. सात कोपरे, बारा तुकडे, कुलगुरू, मोरोपंत, पत्र. काळुराम आधी हसला, मग हसायचा थांबला.

"आन् मालकाच्या हातची भाकर कुणी सांगितली तुम्हास्नी?"

"कोनी नाय. मीच..."

"म्हात्रं," काळुराम कोकरू खाली ठेवत म्हणाला, "कुत्र्याला शीवबीव काय कळती? त्याला सांगणारा कळतो. तुम्ही ऱ्हा म्हनलासा, ते ऱ्हायलं. मालक शोधत काय हिंडता गावभर?"

"मग ती रीत? तीन फेऱ्या? नाव घ्यायचं नाय ते?"

"ती रीत कुत्र्यापायी न्हाई. देणाऱ्यापायी हाय. माझ्या बापानं मला सांगितली ती एवढ्यासाठीच, की दिल्यावर माणसाचा जीव मागं वढतो. हाक मारली तर ते येनारच. म्हणून मारायची न्हाई." त्यानं काटा बोटानं दूर उडवला. "तुम्ही दर आयतवारी जाता, आन् काय म्हनता त्याला?"

"कायपन नाय. गप उभा रवतंय."

"दोन म्हयनं? गप? मग त्यानं समजावं तरी काय?"

पेणच्या स्टँडचं बाकडं कान्हूच्या डोळ्यांपुढे आलं. मांडीवरची पिशवी, एकेक गाडी येते, माणसं उतरतात, आपलं माणूस उतरत नाही. गावानं आजवर त्या गोष्टीवर हसू केलं होतं, तोही हसला होता. पण त्या बाकड्यावर कसं वाटत होतं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि तेच त्यानं दोन महिने काबऱ्याला करायला लावलं होतं, वर दर रविवारी समोर उभं राहून ते बघितलंही होतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आठव्या दिवशी तो रोह्याला पोचला तेव्हा जाळीची गाडी गेटाशी येऊन उभी होती. दोन माणसं फास हातात घेऊन खाली उतरत होती. ऋजुताबाई गेटाच्या मधोमध हात पसरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. आत, हिरवळीच्या कडेला, आपल्या तिसऱ्या खड्ड्याजवळ काबऱ्या बसला होता. कान्हूला बघून त्यानं कान टवकारला. जागचा हलला नाही.

कान्हूनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. दोन महिने ते नाव त्यानं आत दाबून ठेवलं होतं, घरात, शेतात, झोपेतसुद्धा. त्यानं गेटाचा दांडा धरला.

"काबऱ्या," तो म्हणाला. मग ओरडलाच, "काबऱ्या, चल! चल घरी!"

काबऱ्या उठला. तो पळत येईल असं सगळ्यांना वाटलं. तो आला नाही. तो भिंतीकडे गेला आणि भिंतीच्या कडेनं चालायला लागला, पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, सातही कोपऱ्यांवर नाक टेकत. फासवाली माणसं बघत उभी राहिली. पूर्ण फेरी करून तो गेटातून बाहेर पडला आणि मग मात्र त्याला भान राहिलं नाही. तो कान्हूच्या अंगावर आला तो त्याला मातीत पाडूनच. कान्हू तसाच पडल्या पडल्या म्हणत होता, "चुकलो रे बाबा. मना समाजला नाय. चुकलो." दोन दिवसांनी, ऐन क्रीडास्पर्धेच्या सकाळी, तिसऱ्या खड्ड्याखालचा पाईप फुटून मंडपात पाणी शिरलं, असं वॉचमननं नंतर कळवलं.

परतीच्या गाडीत कान्हूनं दीड तिकीट काढलं. पण पेणपर्यंतचं असूनही तो नागोठण्यालाच उतरला आणि काबऱ्याला घेऊन नदीकाठच्या शेतात गेला. काळुरामनं लांबूनच पाहिलं. तो उठला नाही, मेंढरांकडे बघत बसला.

"काय पाव्हणं, आलासा?" तो म्हणाला.

कान्हू त्याच्याजवळ बसला. सात वर्षं हा माणूस आपल्या ओटीवर चहा पिताना दुसरीकडे का बघत होता, ते त्याला आज कळत होतं. त्याला काळुरामसाठी काहीतरी करावंसं वाटलं. पण काय करावं हे नेहमीप्रमाणेच कळेना. शेवटी तो म्हणाला, "काळूदादा, तू पन एकदा हाक मार त्याला. नावानं. मी काय बोलनार नाय."

काळुरामनं काबऱ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं. काबऱ्यानंही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"न्हाई," काळुराम म्हणाला. "आन् आलं तर?"